खाण, सातबारा आणि आपण

लोणावळ्याहून एटापल्लीला जायचे म्हणजे महाराष्ट्राचे एक टोक सोडून दुसरे गाठायचे. बल्लारशापर्यंत रेल्वे आणि पुढे आष्टी, आलापल्ली करीत एस.टी. गेल्या हिवाळ्यात मी हा प्रवास केला तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाने. मावळातल्या आमच्याच वस्तीतला हा पोरगा सुरजागडच्या लोहखनिजावर डंपर चालवतो. "सर, नुसतं पुस्तकातून शिकवू नका, एकदा येऊन बघा," असे त्याने कळवले होते.

सुरजागडचा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा. 2007 साली त्यातील सुमारे 348 हेक्टर जागा खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिली गेली. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तिथली वाहने जाळली. 2021 पासून पोलिस बंदोबस्तात उत्खनन जोरात सुरू झाले आणि त्याच वर्षी हजारो आदिवासींनी एटापल्लीत ठिय्या दिला. मी पाहिले ते एवढेच: ट्रकांच्या रांगा, रस्त्याकडेच्या झाडांवर साचलेली तांबडी धूळ आणि तिच्यातून बाजाराला चाललेल्या बाया.

रात्री चहा घेताना मी या धुळीचा विषय काढला. तो म्हणाला, "सर, आपल्या घराला जमीन होती कधी? ज्यांची होती त्यांची गेली. मला निदान पगार मिळतो."

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

त्याच्या बोलण्यामागे आमच्या मुलखाचा इतिहास आहे. मावळाला लागून असलेल्या मुळशी पेट्यात 1921 साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण झालेच. तिथल्या अनेक जमिनी सावकाराकडे अडकलेल्या होत्या. म्हणजे भरपाई कोणाला मिळणार आणि चूल कोणाची बुडणार, हे दोन वेगळे प्रश्न होते. शिवाय दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. आजही मावळातल्या कित्येक कातकऱ्यांच्या झोपड्या परक्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. मालकाने ऊठ म्हटले की उठायचे.

कागदावर नाव नाही म्हणजे हक्कच नाही, हा न्याय केवळ आपल्याकडचा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर टोकाला गोव्ह नावाचे द्वीपकल्प आहे. 1963 मध्ये तिथल्या योलंगु आदिवासींना न विचारता त्यांच्या राखीव प्रदेशातील जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली गेली. त्यांनी झाडाच्या सालीवर चित्रे रेखाटून, मधोमध आपल्या आणि इंग्रजी भाषेतला मजकूर चिकटवून संसदेकडे अर्ज पाठवला. तरीही खाण झाली आणि तिच्यासाठी न्हुलुनबाय हे शहर वसले. 1971 मध्ये न्यायालयाने मान्य केले की या लोकांना स्वतःची कायदेव्यवस्था आहे. मात्र तिच्यातून मालमत्तेचा हक्क निर्माण होतो, हे मानले नाही. लढा थांबला नाही. 1976 साली उत्तर प्रदेशासाठी आदिवासी भूमी हक्काचा कायदा आला, 1992 च्या माबो निकालाने मूळ रहिवाशांचा भूमी हक्क मान्य झाला आणि 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोव्हच्या दाव्यात सांगितले की असा हक्क सरकारने नष्ट केला असेल तर न्याय्य भरपाई देणे भाग आहे. अर्जापासून या निकालापर्यंत 62 वर्षे गेली.

आपल्याकडे कायदे आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. पण खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक केली ती गौण खनिजांपुरती. लोखंड त्यात येत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार मोठा आहे. त्याच्याच बळावर 2013 मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याचा पगार हा गुन्हा नाही. मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. खाणकामगाराची मजुरी, त्याची वस्ती, त्याची सुरक्षितता हे त्यांना राजकारणाइतकेच महत्त्वाचे वाटे. त्याच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले होते. कारण आपल्याला जमीन मिळाली होती ती वेठीसकट. जमीन नसल्याने माणूस लाचार होतो आणि असल्या जमिनीनेही लाचार होतो, हे आपण दोन्ही बाजूंनी भोगले आहे.

म्हणून "आपली जमीन नव्हती, मग आपल्याला काय" असे म्हणण्याचा अधिकार आपल्यालाच सर्वांत कमी आहे. माडियाला आज जो कागद मागितला जातो, तोच कागद आपल्या आजोबांकडेही मागितला गेला होता. खाणीवरचा दलित कामगार आणि डोंगरावरचा आदिवासी एकमेकांसमोर उभे राहिले, तर कंत्राटदाराचे काम सोपे होते.

परत येताना त्याला एवढेच सांगितले, "तू नोकरी सोडू नकोस. पण नेमणुकीचा कागद माग, अपघाताच्या विम्याचा कागद माग, आणि ग्रामसभा भरेल त्या दिवशी तिच्याविरुद्ध उभा राहू नकोस."

तो म्हणाला, "सर, नेमणुकीचा कागद मागितला तर ठेवतील का कामावर?"

हा प्रश्न त्याने एकट्याने सोडवायचा नाही. तो आपल्या चळवळीचा आहे.