पळणाऱ्या पोराचं पुढं काय?

अक्कलकोटात संध्याकाळी कॉलेजची पोरं खो-खोचा सराव करतात, तेव्हा मी मैदानाच्या कडेला जाऊन बसतो. तरुणपणी हा खेळ खेळलो, पुढे शाळेत शिकवला. निवृत्त झालो तरी सवय सुटत नाही. परवा तिथे ओळखीचे एक गृहस्थ आले. मंदिराच्या वाटेवर त्यांची नारळ-फुलांची टपरी आहे. मुलगा दुसऱ्या वर्षाला, वाऱ्यासारखा पळतो. ''सर, पोरगं म्हणतंय कॉलेज सोडतो, लीगमध्ये खेळतो. ह्याचं पुढं काय तरी होतंय का, बघा की.''

मुलाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. 2022 साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. सहा संघ, मॅटवरचा खेळ, टीव्हीवर सामने. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. त्यात नेपाळला 54-36 असं हरवून जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता. वेळापूरहून दिल्ली गाठता येते, मग अक्कलकोटहून का नाही?

पण आधी खेळ काय मागतो ते पाहू. पळणाऱ्याला सगळं मैदान मोकळं. बसलेल्या खेळाडूंमधून तो कसाही नागमोडी निघतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. मधली रेषाही ओलांडता येत नाही. म्हणून नुसता वेग असलेला आक्रमक पुढे निघून जातो आणि पळणारा हूल देऊन मागे राहतो. वेळेवर दिलेला खो, खांबावरचा सूर, आकाशीय सूर, यांवर गडी टिपले जातात. लीगने त्यात 'वजीर' आणला. ह्या आक्रमकाला कुठल्याही दिशेला पळायची मुभा असते. पळणाऱ्यांची तुकडी ठरावीक वेळ टिकली तर तिच्या संघाला जादा गुण, त्याला म्हणतात 'ड्रीम रन'. म्हणजे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारा गडी संघांना हवा असतो.

मी घड्याळ लावून पोराला पाहिलं. पळतीत तीन मिनिटं कुणाच्या हाती लागला नाही. आक्रमणाला आला आणि सगळी मजा गेली. खो उशिरा, सूर तर मारतच नाही. मातीवर गुडघे फुटतात, हेही खरंच म्हणा.

आता पैशाचं. पहिल्या हंगामात वरच्या गटातल्या खेळाडूला पाच लाख रुपये होते, तळच्या गटाला एक लाख. स्पर्धा चालली तीन आठवडे. उरलेलं वर्ष ज्याचं त्याने निभवायचं. कबड्डीशी तुलना करू नये, पण होतेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर 2019 च्या लिलावात 1 कोटी 45 लाखांची बोली लागली होती. शिवाय घोटा एकदा दुखावला की पळणाऱ्याचं वर्ष जातं.

ह्या खेळात पोट भरतं ते मुख्यतः नोकरीवर. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेसारख्या ठिकाणीही खेळाडूंची भरती होते. धाराशिवच्या सारिका काळे यांचं पाहा. घरची परिस्थिती अशी की अनेक वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली, असं त्यांनीच सांगितलं आहे. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या इथून जवळच, तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या.

अशा नोकरीला पदाप्रमाणे शिक्षणाची अटही असते आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्राची पडताळणीही होते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायचं तर कॉलेजात नाव हवं. कॉलेज सोडलं की तेही दार बंद. लीगचं बोलावणं आलं तर खुशाल जावं, तीन आठवड्यांनी परत येऊन परीक्षा द्यावी. वडिलांना मी एवढंच सांगितलं. पोराचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी प्रमाणपत्रं घेऊन आला. दोहोंवर आडनाव वेगळंच छापलेलं. शाळेच्या दाखल्याशी जुळेना. ती दुरुस्त करून घ्यायला अर्ज लिहून दिला. मग त्याला पाटीत बसवलं आणि पन्नास वेळा उठवलं. चाळिसाव्यानंतर तो उठायला उशीर करू लागला. आज परत बोलावलंय.