गारपिटीचे मूळ बारा किलोमीटर उंचीवर

हरभऱ्याचे ढीग रानात पडलेले असतात, गहू पिवळा पडत आलेला असतो आणि दुपारून आभाळ काळेभोर होते. अर्ध्या तासात गारा पडतात आणि हाताशी आलेला रब्बीचा घास जातो. मग पारावर एकच प्रश्न निघतो, "पावसाळा जाऊन चार महिने झाले, हे आलं कुठून?"

याचे उत्तर जमिनीपासून साधारण बारा किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे असतो आणि हिवाळ्यात कधी कधी ३०० पर्यंतही जातो.

झोत का तयार होतो?

विषुववृत्ताकडे ऊन जास्त, म्हणून तिथली हवा तापून फुगते. उत्तरेची हवा थंड, ती आकसून खाली बसते. त्यामुळे उंचावर दक्षिणेकडे हवेचा दाब जास्त आणि उत्तरेकडे कमी राहतो. पाणी उताराला लागावे तशी वरची हवा उत्तरेकडे निघते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून ती सरळ न जाता उजवीकडे वळते आणि पूर्वेच्या दिशेने वाहू लागते. गरम आणि थंड हवेतला फरक जिथे जास्त, तिथे झोत वेगवान.

आपल्याकडे गारा कशा?

हिवाळ्यात हा झोत हिमालयाच्या दक्षिणेने, उत्तर भारतावरून जातो. भूमध्य समुद्राकडचे पश्चिमी विक्षोभ त्याच्याच वाटेने येतात. काश्मीरचा बर्फ आणि पंजाबातल्या गव्हावरचा पाऊस त्यांचाच. पण हा झोत नदीसारखी वळणे घेतो. एखादे वळण दक्षिणेला खोल उतरले, की वरची थंड हवा महाराष्ट्राच्या डोक्यावर येते. खाली जमीन उन्हाने तापलेली असते. त्यात समुद्रावरून बाष्प आले की गरम दमट हवा झपाट्याने वर चढते. ढगातले थेंब गोठतात, वर जाणारा वारा त्यांना उचलून धरतो आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वजन पेलेनासे झाले की गार खाली येते.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशीच गारपीट झाली.

जूनच्या सुमारास हाच झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि मान्सूनला वाट मोकळी होते. पावसाळ्यात तिबेटचे पठार तापते, दक्षिणेचा समुद्र त्या मानाने थंड राहतो. गणित उलटे झाले की वाराही उलटा होतो. दक्षिण भारतावर उंचावरून पूर्वेकडचा झोत वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याची मांडणी केली.

आपण काय करावे?

गारपीट थांबवणे आपल्या हाती नाही. पण झोताचे वळण दोन-चार दिवस आधी दिसते आणि त्यावरून हवामान खाते इशारा देते. नेमक्या कोणत्या शिवारात गार पडेल हे मात्र आधी सांगता येत नाही. त्यामुळे मागचा इशारा कोरडा गेला म्हणून पुढचा सोडू नये.

एका पंचनाम्यात बांधाला बांध लागून असलेली दोन शेते पाहिली. उभा गहू दोघांचाही झोपला होता. एकाने आदल्या दिवशी हरभरा मळून घरी नेला होता. दुसऱ्याचे ढीग मळणीयंत्राची वाट पाहत भिजले, दाणे काळे पडले. फरक एका दिवसाचा.

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये 'मौसम' किंवा 'मेघदूत' ॲप रोज पाहावे. पिवळा किंवा नारिंगी इशारा आला की कापलेला माल मळून घ्यावा, नाहीतर उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकावा. वाळत घातलेली हळद गोळा करावी. पिकाला पाणी देणे व फवारणी पुढे ढकलावी. विजा चमकत असताना जनावरे झाडाखाली बांधू नयेत, माणसांनीही तिथे थांबू नये. गारपिटीनंतर फळबागेतल्या मोडक्या फांद्या छाटून कापावर बोर्डो पेस्ट लावावी.

ग्रामपंचायतीने इशारा फलकावर लिहावा, भोंग्यावरून सांगावा. मदतीसाठी ३३ टक्के किंवा अधिक नुकसान धरले जाते. तेव्हा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी पंचनाम्याला उशीर करू नये. शेतकऱ्यांनीही शेत आवरण्याआधी फोटो काढून ठेवावेत.

उभे पीक आभाळाच्या हवाली असते. कापलेले तरी आपल्या हातात आहे.