पिवळा रंग म्हणजे ओळख नव्हे

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथली वर्षायू रानफुलं वसंतात फुलून घेतात आणि उन्हाळा बीच्या रूपात काढतात. पडीक रानं आणि रस्त्यांच्या कडा वसंतात पिवळ्याधमक करणारी क्राउन डेझी (ग्लेबिऑनिस कोरोनेरिया) त्यांपैकीच एक. तिच्याबद्दलचे गैरसमज बहुतेक एकाच सवयीतून येतात, ती म्हणजे रंगावरून ओळख पटवण्याची.

गैरसमज: पिवळी ती क्राउन डेझी, पांढरी ती वेगळी.

वस्तुस्थिती: या एकाच जातीत काही झाडांच्या ‘पाकळ्या’ पूर्ण पिवळ्या, तर काहींच्या बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी पांढऱ्या असतात. मुळात या पाकळ्या नव्हेतच. सूर्यफुलाप्रमाणे इथेही आपण ज्याला फूल म्हणतो तो असंख्य चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे त्यातलं एक स्वतंत्र फूल. उलट, कॉर्न मॅरिगोल्ड ही वेगळी जात असूनही तितकीच पिवळी. म्हणजे रंग एका जातीत बदलतो आणि दोन जातींत सारखा राहतो. मग त्यावर भिस्त कशी ठेवायची? पानं अधिक प्रामाणिक असतात. क्राउन डेझीची पानं हिरवी, दोनदा बारीक विभागलेली. कॉर्न मॅरिगोल्डची निळसर झाक असलेली, किंचित मांसल आणि नुसती दातेरी किंवा कमी कापलेली. ‘पानंही जागेनुसार बदलतात,’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अखेरचा निवाडा बीवर सोपवावा. कडेच्या फुलांपासून होणारं बी क्राउन डेझीत तीन पंखांचं, तर कॉर्न मॅरिगोल्डमध्ये दोन पंखांचं असतं. फुलं ताजी असतानाही त्याच झाडावरच्या सुकलेल्या गुच्छांत ते सापडू शकतं.

गैरसमज: ही रानटी शेवंतीच.

वस्तुस्थिती: वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने 1753 मध्ये तिला क्रिसँथेमम याच प्रजातीत घातलं होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तेच नाव दिसतं. पण बागेतली शेवंती तिच्यापेक्षा वेगळ्या गटातली निघाली. अखेर 1999 मध्ये क्रिसँथेमम हे नाव शेवंतीकडे राखलं गेलं आणि क्राउन डेझी ग्लेबिऑनिस झाली. आपल्या फुलबाजारात ‘बिजली’ म्हणून विकली जाते ती हीच वर्षायू वनस्पती. तिला शेवंती म्हणण्याआधी पान आणि बी पाहावं.