परिणामावरून कारणाकडे



आपल्या घरातील पुस्तकांच्या कपाटाकडे क्षणभर दृष्टी टाकावी. मधल्या फळीला बहुधा थोडासा बाक आलेला दिसेल. हा बाक कशाने आला? पुस्तकांचा भार फार झाला, की फळीच मुळात लेचीपेची होती? प्रश्न घरगुती वाटतो. परंतु स्थितिस्थापक पदार्थांच्या शास्त्रातील एक मोठे प्रकरण ह्याच प्रश्नाभोवती उभे आहे.

सरळ प्रश्न त्या मानाने सोपा. फळीची लांबी, रुंदी, जाडी, लाकडाचा ताठपणा आणि वरील भार एवढे ठाऊक असले म्हणजे बाक किती येईल हे गणिताने काढता येते. भार दुप्पट केला की बाक दुप्पट होतो. तोच भार दुप्पट जाड फळीवर ठेवला की बाक अष्टमांशावर येतो. येथे आपण कारणाकडून परिणामाकडे जातो. परंतु पुष्कळदा परिणाम तेवढा डोळ्यांसमोर असतो आणि कारण हुडकावयाचे असते. ह्या उलट प्रवासास व्यस्त प्रश्न म्हणतात. त्याच्या वाटेत दोन अडचणी आहेत.

पहिली ही की, उत्तर एकच असेल असे नाही. एका फळीवर काही भार आहे. तिच्या दुप्पट ताठ अशा दुसऱ्या फळीवर दुप्पट भार आहे. दोहोंचा बाक अगदी सारखा! नुसत्या बाकाकडे पाहून खरे काय ते ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही. तेव्हा काहीतरी ज्ञान बाहेरून आणले पाहिजे. फळी रिकामी करून तिच्यावर ठाऊक असलेले वजन ठेवावे व बाक मोजावा, म्हणजे तिचा ताठपणा कळतो. मग तीच फळी अज्ञात वजनासाठी तराजूचे काम करते. अमेरिकेत फ्रेड मोझेस ह्यांनी १९७९ साली हीच युक्ती पुलास लावली. पुलाच्या तुळयांना पडणारा ताण मोजून वरून धावणाऱ्या मालमोटारीचे वजन, तिला न थांबविता, काढण्याची रीत त्यांनी मांडली. अर्थात आधी ठाऊक वजनाची मोटार नेऊन पुलाची परीक्षा घ्यावी लागतेच.

दुसरी अडचण अधिक कपटी आहे. समजा, फळीवर कोठे जाड ग्रंथ, कोठे पातळ पुस्तिका, असा भार कमीजास्त पसरला आहे. फळी हे बारीक भेद जणू गिळून टाकते व एक गुळगुळीत बाक तेवढा दाखविते. भारातील चढउतार दहापट बारीक असेल, तर त्याने बाकात पडणारा फरक दहा हजारपट क्षीण होतो. उलट जाताना हाच हिशेब अंगावर येतो: मोजमापातील केसभर चूक तितक्याच पटीने फुगते, आणि जेथे पुस्तक नाही तेथे मणभर ओझे असल्याचे गणित सांगू लागते! अशा अस्थिर प्रश्नांकडे हॅदामार ह्या फ्रेंच गणितज्ञाने लक्ष वेधले. १९६३ साली तिखोनोव्ह ह्या रशियन गणितज्ञाने त्यांवर एक व्यापक उपाय सुचविला. त्याचे मर्म असे: मोजमापाशी चुकीच्या मर्यादेत जुळणारी उत्तरे अनेक असतात, त्यांपैकी सर्वांत शांत, कमी खळबळीचे उत्तर पत्करावे. त्याने बारीक तपशील थोडा पुसला जातो. पण भलतेच ओझे दिसत नाही.

फळीपासून रोग्याच्या देहापर्यंतचे अंतर वाटते तितके लांब नाही. वैद्य पोटावर बोटे दाबून यकृत मऊ आहे की टणक हे अजमावतो, तेव्हा तोही व्यस्त प्रश्नच सोडवीत असतो. दीर्घ विकाराने यकृतात तंतू माजले की ते टणक होते. २००३ साली पॅरिस येथील संशोधकांनी ह्या बोटांच्या जागी यंत्र योजल्याचे प्रसिद्ध केले. बरगड्यांमधून हलकासा ठोका देतात. त्याची लाट यकृतातून पुढे सरकते, आणि श्रवणातीत ध्वनीच्या साहाय्याने तिचा वेग मोजतात. वेग सेकंदास १ मीटर असेल तर ताठपणा सुमारे ३ किलोपास्कल; वेग २ मीटर असेल तर सुमारे १२. कारण ताठपणा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पुष्कळ रोग्यांची सुई खुपसून यकृताचा तुकडा काढण्याची यातना त्यामुळे टळली.

परंतु येथेही पहिली अडचण दबा धरून बसलेलीच असते. यकृत टणक झाले ते तंतूंमुळेच, असे यंत्र सांगत नाही. दाह झाला असता, रक्त तुंबले असता, इतकेच काय, नुकतेच जेवण झाले असतानाही आकडा वाढतो. म्हणून परीक्षेपूर्वी काही तास उपाशी राहावयास सांगतात, आणि जाणता वैद्य तो आकडा रोग्याच्या इतर लक्षणांशी ताडून पाहिल्यावाचून निदान करीत नाही.

तात्पर्य, परिणामावरून कारण शोधताना निम्मे उत्तर मोजमाप देते. उरलेले निम्मे आपण आधी धरलेल्या गृहीतांतून येते. ती गृहीते कोणती, हे जो उघड सांगतो त्याच्याच आकड्यावर विश्वास ठेवावा. कपाटातील फळीला दोष देण्यापूर्वी, निदान पुस्तके तरी मोजून पाहावीत!