गोयाची मृत टर्की

फ्रान्सिस्को गोयाने १८०८ ते १८१२ या काळात रंगवलेले हे तैलचित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. आकार जेमतेम ४५ बाय ६२ सेंटिमीटर. टोपलीला टेकून पडलेली टर्की, पसरलेला पंख, ताठरलेले पाय, बस, एवढेच. पिसे झपाट्याने मारलेल्या फटकाऱ्यांतून उभी राहतात. फळे, भांडी, मेजवानीचा थाट यांपैकी काहीच नसल्याने पक्ष्याच्या मरणावरून नजर हलत नाही. स्पेन तेव्हा नेपोलियनच्या फौजांशी झुंजत होता. १८११-१२मध्ये माद्रिदमध्ये उपासमारीने थैमान घातले होते. पत्नी होसेफाच्या निधनानंतर १८१२मध्ये झालेल्या मालमत्तेच्या यादीत गोयाच्या अशा बारा स्थिरचित्रांची नोंद सापडते. पिसे उपटलेल्या टर्कीचे त्याचे आणखी एक चित्र म्युनिकमध्ये आहे.