शितावरून लोकमताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते. मात्र तें शीत त्याच हंडींतलें हवें. अमेरिकेंत १९३६ सालीं अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानें सुमारें १ कोटी मतपत्रिका धाडल्या. पैकीं २३ लाखांवर भरून आल्या. त्यांवरून रिपब्लिकन पक्षाचे लँडन विजयी ठरले. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यें रूझवेल्ट यांनीं जिंकलीं! पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणारांच्या याद्यांतून. मंदीनें गांजलेला मजूर त्यांत कोठून यावा? शिवाय उत्तर धाडण्याची तसदी लँडनच्या पाठीराख्यांनींच अधिक घेतली. जॉर्ज गॅलप यांनीं पुष्कळ कमी, पण निरनिराळ्या थरांतील माणसांस विचारून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला होता. १९४८ सालीं मात्र ट्रूमन हरतील हें त्यांचें भाकीत फसलें. मतदानाच्या बरेच दिवस आधींच त्यांनीं विचारपूस थांबविली होती, हें त्याचें एक कारण.