आभासी वास्तव विश्रांती

डोक्यावर बसविलेल्या दर्शकातून समुद्रकिनारा, अरण्य, पर्वत यांसारखी त्रिमितीय दृश्ये दाखवून व त्यांना अनुरूप ध्वनी ऐकवून, आपण प्रत्यक्ष त्या ठिकाणी आहोत अशी प्रतीती निर्माण करणारी व तीद्वारा ताण शिथिल करणारी पद्धती. रुग्णालयातील परिचारिका, डॉक्टर व इतर सेवकवर्ग यांच्यासाठी कामाच्या पाळीतच तिचा उपयोग करण्याचे प्रयोग कोविड-१९ च्या साथीच्या काळात विशेषत्वाने पुढे आले.

रुग्णालयातील ताण इतर व्यवसायांतील ताणाहून काहीसा वेगळा असतो. येथील चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते; मृत्यू व वेदना यांचे सान्निध्य रोजचे असते; रात्रपाळीमुळे निद्रेचे चक्र बिघडते आणि एका रुग्णाचा मृत्यू झाल्यानंतर क्षणभरही न थांबता दुसऱ्याच्या खाटेशी जावे लागते. अशा दीर्घकालीन ताणातून येणाऱ्या अवस्थेस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ ही संज्ञा वापरली. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सूझन जॅक्सन यांच्यासमवेत १९८१ मध्ये तिच्या मापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक शिणवटा, रुग्णाविषयी येणारी अलिप्तता आणि स्वतःच्या कर्तृत्वावरील विश्वासाचा ऱ्हास ही तिची तीन अंगे होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची गणना रोगांत न करता व्यवसायाशी निगडित घटनांत केली. हा भेद महत्त्वाचा आहे; कारण त्यामुळे दोषाचे मूळ व्यक्तीत नसून कामाच्या परिस्थितीत शोधावे लागते.

दर्शकात प्रत्येक डोळ्यासमोर किंचित वेगळी प्रतिमा येते व त्यामुळे खोलीचा भास होतो. डोके वळविल्याबरोबर संवेदक ती हालचाल टिपतात व दृश्यही त्यानुसार बदलते. या बदलास विलंब झाला किंवा शरीर स्थिर असताना दृश्य वेगाने सरकले, तर डोळे व अंतर्कर्णातील तोलेंद्रिय यांच्या संदेशांत विसंगती येऊन मळमळ होते. म्हणून विश्रांतीसाठी बहुधा स्थिर बिंदूवरून चित्रित केलेली संथ दृश्ये वापरतात. दर्शकामुळे भोवतालचा कक्ष दृष्टीआड होतो, हा या साधनाचा मुख्य गुण होय. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी दूर झाल्या व श्वसन संथ झाले, की परानुकंपी तंत्रिका तंत्राचा प्रभाव वाढतो, नाडीचे ठोके मंदावतात आणि स्नायू सैल पडतात. शवासन किंवा योगनिद्रा यांचाही हेतू हाच. मात्र त्यांस सराव लागतो. थकलेल्या नवशिक्याला डोळे मिटून मन एकाग्र करण्यापेक्षा समोरचे दृश्य पाहत राहणे सोपे जाते.

डोक्यावर धारण करावयाचा दर्शक आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये तयार केला. रुग्णालयात आभासी वास्तवाचा प्रवेश प्रथम रुग्णांसाठी झाला. अमेरिकेतील सिॲटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांकरिता हिमाच्छादित दरीचे आभासी जग निर्माण केले. मलमपट्टी बदलताना रुग्ण त्यात बर्फाचे गोळे फेकण्यात गुंतला, की त्यास वेदना कमी जाणवते, असे त्यांना दिसून आले. निसर्गदृश्याच्या परिणामाचा पुरावा त्याहून जुना आहे. रॉजर अल्‌रिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (१९८४). खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी जाता आले व तीव्र वेदनाशामके कमी लागली.

सेवकवर्गाविषयीचा एक उल्लेखनीय प्रयोग नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात झाला. तेथे मनोरुग्णांसाठी विकसित केलेली ‘व्हीरिलॅक्स’ ही प्रणाली अतिदक्षता विभागातील परिचारिकांना विरामकाळात वापरण्यास दिली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वापरापूर्वी व वापरानंतर परिचारिकांनी स्वतः नोंदविलेला ताण सरासरीने सु. ४०% कमी झाला. हा आकडा आकर्षक असला, तरी त्याचा अर्थ बेताने लावला पाहिजे. वापर ऐच्छिक होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेवढाच वेळ शांत खोलीत केवळ खुर्चीवर बसल्याने किती फरक पडला असता, हे अशा मोजणीतून कळत नाही. शिवाय मोजला गेला तो त्या घटकेचा ताण. महिनोन्‌महिने साठलेला शिणवटा नव्हे.

प्रत्यक्ष वापरात खरी अडचण यंत्राची नसून वेळेची असते. ज्या विभागात मनुष्यबळ अपुरे आहे, तेथे दहा मिनिटांसाठी रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपविणेच शक्य होत नाही. म्हणजे गरज सर्वाधिक तेथे उपयोग सर्वांत कमी, असा विपर्यास घडतो. व्यवस्थापनाने दर्शक विकत घ्यावा व रिक्त पदे तशीच ठेवावीत, हा प्रकार तर उपचाराच्या नावाखाली कारण झाकण्याचाच होय. पाळीच्या वेळापत्रकात विराम निश्चित करून त्या अवधीत रुग्णांची जबाबदारी नावानिशी दुसऱ्या परिचारिकेकडे दिल्यास मात्र ही पद्धती उपयुक्त ठरते. कक्षाजवळ स्वतंत्र खोली व स्थिर खुर्ची असावी. चेहऱ्यास टेकणारा भाग प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक करावा लागतो. अपस्माराचा किंवा तीव्र भोवळीचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून दर्शक वापरू नये. मळमळ वाटू लागताच तो काढून ठेवावा.